पाच वर्षांची सर्दी

आधी सर्दीच होती म्हणे.
कोबानच्या डोंगरात पीठ चाळावं तसा पाऊस,
वर्षाचे नऊ महिने.
इथे कुणाचं नाक वाहत नाही?

आई भट्टीपाशी वेलदोडे निवडायची.
हिरवे एका टोपलीत, पिवळे दुसऱ्या,
फुटके बाजूला.
आमच्यात कुणी वेलदोडा खात नाही.
कुठल्या देशात जातो, कोण चघळतं,
कधी विचारलं नाही.
पण कुठली पाटी तासभर जास्त सुकली
ते आईला लांबूनच कळायचं, वासावर.

मग कळेनासं झालं.

पुढच्या वर्षी खपल्या.
नाकाला घाण सुटली,
तिला सोडून सगळ्यांना आली.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही:
चर्चमध्ये मी तिच्याशेजारून उठून
दोन बाकं मागे जाऊन बसले.
तिनं एकदा वळून पाहिलं.
मग पुढे बघून गात राहिली, तोंडानं श्वास घेत.

औषधवाल्यानं पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या.
पुन्हा पाच दिवसांच्या.
कुणी म्हणालं, जंगलातली माशी चावली.
कुणी म्हणालं, भट्टीचा धूर.
नाक रुंद होत गेलं, मग कडक,
पेरूच्या फांदीसारखं.
दुखलं असतं तर बरं झालं असतं,
दुखण्याची माणूस दखल तरी घेतो.
रात्री तिच्या श्वासाची शिट्टी वाजायची.
ती थांबली की धाकटा एरविन
झोपेतून उठून बसायचा.

राजधानीची बस रात्री दोनला सुटते.
मोठ्या इस्पितळात माणसं
नाक मुठीत धरून रांगेत उभी असतात.
आईचं मुठीत मावत नव्हतं.

डॉक्टर ओव्हाये स्पॅनिश बोलायच्या,
आई केक्ची. मध्ये मी.
मसुरीएवढा तुकडा काढला.
सतरा दिवसांनी मला म्हणाल्या, ये, बघ.
काचेखाली गुलाबी मैदान,
त्यात साबणाच्या फेसासारख्या
फुगलेल्या पेशी.
"हे शरीराचे पहारेकरी," त्या म्हणाल्या,
"यांनी जंतू गिळले, पण मारता आले नाहीत.
वर्षानुवर्षं पोटात घेऊन बसलेत."

मी आईला सांगितलं:
गिळलं, पण पचलं नाही.

आई जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली,
"पानात पडलेलं टाकायचं नसतं, म्हणून असेल."
काय म्हणाल्या, डॉक्टरांनी विचारलं.
मी म्हटलं, समजलं म्हणाली.

"फार दुर्मिळ आहे," असंही सांगितलं त्यांनी.
आमच्या भाषेत मी केलं: फार थोड्यांना होतो.
आईनं शेजारच्या खाटेकडे पाहिलं.
हुतियापाकडची बाई होती,
तोंड उघडं टाकून झोपलेली.
तेच नाक.

आठ महिने गोळ्या. सकाळी एक, रात्री एक.
एरविन दारावर कोळशानं रेघा ओढायचा.
मध्येच रस्ता खचला, अकरा दिवस गोळ्या नव्हत्या.
त्या रेघा त्यानं आडव्या काढल्यात.
नाक मऊ पडलं. डावी नाकपुडी व्रणानं ओढली गेली,
ती तशीच राहणार.
आता ती तोंड मिटून झोपते.
एरविनला अजून जाग येते, सवयीनं.

परवा सकाळी म्हणाली, काहीतरी करपतंय.
तवा रिकामा, भट्टी गार, रविवार होता.
आम्ही हसलो. ती अडून बसली.
दुपारी कळलं, तिसऱ्या घरी हेर्तुदिसनं
घेवडा लावून ठेवला होता पहाटे,
आणि विसरली होती.

मी पळत जाऊन एक वेलदोडा आणला.
दातांनी फोडला, तिच्या नाकाखाली धरला.
आला?

तिनं डोळे मिटले.
माझं मनगट धरलं, हलू दिलं नाही.

"थांब," म्हणाली.
"अजून जवळ धर."